शेफिल्ड : बारा दिवस आणि पुढची अडीच वर्षं

मंगळवार, 4 ऑक्टोबर 1994. सातारा ते मुंबई

पहाटे साडेचारला जीप दारात आली. आई रात्रभर जागीच होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजून घेतलेली खिचडीची डाळ-तांदूळ, असं सगळं तिनं डब्यांत भरून वर चिकटपट्टी लावली होती. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि घट सोडून तिला निघता येत नव्हतं. खरं तर पैसेच दोघांपुरते होते. बाबांचा एसटीतला फंड आणि गावाकडची दोन एकर जिरायत, दोन्ही या इंग्लंडच्या प्रवासात गेलं. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. गाडीत बसताना त्यांनी धाकट्याच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, उजव्या हाताचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दाबून पाहिला. फेब्रुवारीपासून ते रोज सकाळी असंच करायचे, जोर किती आला ते बघायला.

फेब्रुवारीत कराडला हॉस्टेलवर असताना धाकट्याचं डोकं एकाएकी दुखायला लागलं. उलट्या झाल्या, उजवा हात-पाय लुळा पडला. तो तेव्हा वीस वर्षांचा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला आणि पुढे मुंबईच्या अँजिओग्राफीत त्याचं मूळ सापडलं. रोहिणी आणि नीला मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट एकमेकींत गुंतल्या होत्या. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात. घरात आम्ही त्याला ‘गाठोडं’ म्हणायला लागलो. ते सुमारे दोन सेंटिमीटरचं होतं, पण डाव्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे अगदी खोल. मुंबईचे सर्जन स्पष्ट बोलले, “उघडून काढता येईल, पण हात-पाय आणि वाचा जायची भीती मोठी. याला गॅमा नाइफ, म्हणजे न उघडता किरणांनी उपचार करणारं यंत्र, हवं आणि ते आज भारतात नाही.”

आपल्याकडे सर्जन नव्हते म्हणून आम्ही परदेशी गेलो, असा समज पुढे अनेकांनी करून घेतला. तो चुकीचा आहे. वेल्लोरला 1949 मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, मुंबईत पन्नाशीच्या सुरुवातीला डॉ. राम गिंडे यांनी. माणसं होती, हातही होते. ते एक यंत्र तेवढं नव्हतं.

बुधवार, 5 ऑक्टोबर. हीथ्रो, मग शेफिल्ड

ही सहल अशा आठवड्यात पडली की विचारू नका. सुरतेत प्लेग, त्याआधी आमच्याच महाराष्ट्रात बीडकडे. सहार विमानतळावर निम्मे लोक तोंडाला रुमाल बांधून बसलेले. काही देशांनी तर भारताची विमानंच थांबवली होती. आठवडाभर मी रोज सकाळी पेपर उघडून आधी तेवढंच बघत होते.

हीथ्रोवर उतरल्यावर विचारपूस झाली. ताप आहे का, खोकला आहे का, गेल्या दहा दिवसांत कुठं कुठं राहिलात? माझ्या हातात धाकट्याची फाइल होती. ती पाहून अधिकाऱ्याला आणखी शंका आली, कारण आजारी माणूस समोर उभा. मी विज्ञान शिकवते, वर्गात तास-तास बोलते, पण तिथं माझं इंग्रजी घशातच अडकलं. धाकटाच पुढे झाला. उजव्या हातानं कपाळावर टिचकी मारून म्हणाला, आजार इथं आहे, छातीत नाही. शेफिल्डच्या हॉस्पिटलचं पत्र वाचून त्या अधिकाऱ्यानं आम्हाला सोडलं, आणि सोडताना धाकट्याला शुभेच्छा दिल्या. मला एवढं रडू आलं की सामानाच्या पट्ट्यावरून आमची बॅग दोनदा फिरून गेली.

विमानतळावरून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन थेट किंग्ज क्रॉसला जाते. शेजारीच सेंट पँक्रास स्टेशन आणि तिथून शेफिल्डची गाडी, साधारण अडीच तासांची. लेस्टर, डर्बी अशी स्टेशनं मागं गेली. चेस्टरफिल्ड आलं तसं धाकट्यानं मला हलवून उठवलं, “ताई, ताई, तो कळस बघ!” चर्चचा उंच कळस पिळलेल्या कापडासारखा फिरून वाकडा झालेला. आत ओलं लाकूड, वर शिशाचे जड पत्रे, म्हणून पीळ पडला असावा, असं तो समजावू लागला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्याला आपल्या विषयावर एवढं बोलताना ऐकत होते. मी फक्त मान हलवत राहिले, त्यानं थांबू नये म्हणून.

शेफिल्ड स्टेशनवर मिळालेला टॅक्सीवाला साठीचा. आमचं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, “कहाँ से आए हो, बेटी?” तो पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मीरपूरचा. साठच्या दशकात झेलमवर मंगला धरण झालं, त्यात त्यांचं जुनं गाव गेलं आणि मीरपूरकडचे कितीतरी लोक इंग्लंडच्या पोलाद कारखान्यांत आले. तोही भट्टीवरच होता, कारखाना बंद झाल्यावर टॅक्सी घेतली. मी त्याला म्हटलं, माझ्या आईचं माहेरही पाण्याखाली आहे, कोयनेच्या. त्यानं आरशातून वळून पाहिलं. पाणी उतरलं की गाव दिसतं का, एवढंच विचारलं. दिसतं, आजी सांगायची, उन्हाळ्यात जुने चौथरे वर येतात. “हमारा भी,” तो म्हणाला, “दर्गा दिखती है।” ब्रूमहिलच्या आमच्या गेस्टहाउसपाशी त्यानं दोन्ही बॅगा वर जिन्यापर्यंत नेऊन ठेवल्या आणि पैसे घेईना. मी जबरदस्तीनं हातात कोंबले.

गुरुवार, 6 ऑक्टोबर. पहिली भेट

रॉयल हॅलमशर हॉस्पिटल म्हणजे टेकडीवरची काँक्रीटची उंचच उंच इमारत. गावात कुठंही हरवलात तरी वर बघायचं, ती दिसते. शेफिल्डचं गॅमा नाइफ केंद्र इथंच, डॉ. डेव्हिड फॉर्स्टर यांनी 1985 मध्ये सुरू केलेलं. यंत्राची मूळ कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची. त्यांचं पहिलं यंत्र साठच्या दशकाच्या शेवटी स्टॉकहोमला चालू झालं.

आम्हाला भेटलेले डॉक्टर सावकाश बोलत होते आणि एकेक वाक्य झालं की थांबत होते. त्यांनी कागदावर गाठोडं काढलं, भोवती सगळ्या बाजूंनी बारीक बाण. कोबाल्टचे 201 स्रोत, प्रत्येकाचा किरण इतका क्षीण की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही. सगळे जिथं एकत्र येतात त्या एका ठिकाणीच मोठी मात्रा. सुरी नाही, टाका नाही, डोक्याचे केसही काढायचे नाहीत. इथवर सगळं आम्हाला मुंबईत सांगितलं होतं तसंच.

मग मी विचारलं, म्हणजे बुधवारी आम्ही घरी निघू तेव्हा हे जळून गेलेलं असेल ना?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

जळत काहीच नाही, त्यांनी सांगितलं. किरणांनी त्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. मग अस्तर हळूहळू जाड होत जातं, पोकळी अरुंद होते, शेवटी वाहिनी आपोआप बुजते. याला दोन वर्षं लागतात, कधी तीन. एवढ्या आकाराचं गाठोडं शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांचं पूर्ण बुजतं. आणि ते बुजेपर्यंत रक्तस्रावाचा धोका आज आहे तेवढाच, वर्षाला शंभरात दोन ते चार. काहींना मधल्या काळात किरणांमुळे सूज येते, पुन्हा अशक्तपणा येऊ शकतो.

मुंबईत आमचे कागदपत्र करून देणारा एक मध्यस्थ होता. दलाली घेऊन त्यानं सांगितलं होतं, “मशीनमध्ये गेला की खलास, दुसऱ्या दिवशी पोरगा मोकळा.” तेच वाक्य आईनं शेजारणींना सांगितलं होतं, त्याच वाक्यावर बाबांनी जमीन विकली होती. मला त्याचा आजही राग येतो. त्यानं पैसे घेतले त्याचा नव्हे. दोन-तीन वर्षं थांबावं लागेल हे आम्हाला घरीच कळलं असतं तरी आम्ही आलोच असतो, पण मन तयार करून आलो असतो. उपचारासाठी बाहेर निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते : तुम्हाला निकाल कधी लागणार ते सांगितलंय का? उपचाराची तारीख सगळे सांगतात.

संमतीच्या कागदावर सही धाकट्याची हवी होती. त्यानं पेन उजव्या हातात घेतलं. मी म्हटलं, डाव्यानं कर, चालेल. तो “नको” म्हणाला. पहिलं अक्षर नीट आलं, पुढची खाली खाली घसरत गेली, आडनावाची शेवटची वेलांटी कागदाबाहेर मेजावर गेली. डॉक्टर, नर्स, मी, कुणीच हाललो नाही. त्यानं पेनाला टोपण लावलं, तेही त्याच हातानं.

रात्री घरी फोन लावला, म्हणजे शेजारच्या किराणा दुकानात. तिथं मध्यरात्र उलटून गेली होती, तरी बाबा दुकानाच्या पायरीवरच होते. फोनकार्डावरचे आकडे भराभर उतरत होते. दोन-तीन वर्षांचं मी सांगितलं नाही. सगळं ठीक आहे, मंगळवार ठरला, एवढंच सांगितलं.

शुक्रवार, 7 ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. खिचडी केली. फिट येऊ नये म्हणून असलेली एप्टॉइनची गोळी वेळेवर दिली. दोघंही फारसं बोललो नाही.

शनिवार-रविवार, 8 आणि 9 ऑक्टोबर

शनिवारी ऊन पडलं तसे बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलो, हॉस्पिटलपासून चालत जाण्याएवढंच अंतर. 1836 सालची बाग, जुनी काचघरं. धाकट्याचा उजवा पाय उतारावर जरा ओढतो, म्हणून बाकांवर बसत बसत फिरलो. हे गावच मुळी टेकड्यांवर वसलंय, घराबाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. साताऱ्याच्या माणसाला त्याचं काय, पण ओढणाऱ्या पायाला प्रत्येक उतार कळतो.

तिथंच त्याला दोन-तीन वर्षांबद्दल काय वाटलं ते विचारलं. तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “ताई, आतापर्यंत वीस वर्षं ते घेऊनच फिरलो की. फक्त माहीत नव्हतं.”

रविवारचा दिवस मात्र त्याचा होता. नदीकाठच्या केलम आयलंडच्या संग्रहालयात रिव्हर डॉन इंजिन आहे. 1905 मध्ये बांधलेलं, बारा हजार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. युद्धनौकांच्या चिलखताच्या जाड पोलादी पाट्या लाटायला ते वापरत आणि 1978 पर्यंत ते खरोखर कामावर होतं. तीन मजली घराएवढं धूड. ते वाफेवर चालवून दाखवतात. आधी जमीन थरथरते, मग दट्टे उचलतात, आणि चालकानं एक दांडा ओढला की ते एवढं थोरलं यंत्र क्षणात थांबून उलटं फिरायला लागतं. लाल तापलेली पाटी रुळाखालून पुढं-मागं न्यायची असते, म्हणून ही सोय. धाकट्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मी इंजिनाकडं कमी आणि त्याच्या उजव्या पंजाकडं जास्त पाहिलं. बोटं पांढरी पडेपर्यंत त्यानं पकड घट्ट धरली होती. बाबा असते तर त्यांना दाखवलं असतं.

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, गंज न लागणारं पोलाद याच गावात हॅरी ब्रिअर्लीनं 1913 मध्ये काढलं. आईचे डबे उघडताना मला ते आठवत राहिलं.

सोमवार, 10 ऑक्टोबर

दाखल झालो. रक्त, छातीचा एक्स-रे, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न. इथं नर्सपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे ‘लव्ह’ म्हणून हाक मारतात, आपल्याकडे ‘बाळा’ म्हणतात तसं. पहिल्या दिवशी दचकायला झालं, आज बरं वाटलं.

मंगळवार, 11 ऑक्टोबर. तो दिवस

सकाळी सात वाजता बाहेर अजून अंधुकच होतं. चौकट बसवायला धाकट्याला खुर्चीवर बसवलं. ॲल्युमिनियमची ती चौकट डोक्याभोवती येते आणि चार खिळ्यांसारख्या स्क्रूंवर कवटीत पक्की बसते, दोन कपाळाला, दोन मागं. भूल फक्त कातडीपुरती. चारही ठिकाणी सुई टोचताना त्यानं डोळे मिटले. मग दोघं समोरासमोर उभे राहून कर्णावरचे, म्हणजे तिरके समोरासमोरचे, स्क्रू एकाच वेळी आवळत गेले. नंतर धाकटा मला म्हणाला, “सिलिंडर हेडचे बोल्ट असेच आवळतात, कर्णावरचे आधी, म्हणजे ताण सारखा बसतो.” पाच मिनिटं डोकं शिकंजात सापडल्यासारखं झालं, मग बधिर झालं. खिडकीच्या काचेत त्यानं स्वतःला पाहिलं. मी त्याच्याकडं पाहून हसले, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकले.

चौकट ठेवूनच अँजिओग्राफी केली. जांघेतल्या रोहिणीतून नळी वर मानेपर्यंत. औषध सोडलं की चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर गरम लाट येते, असं त्यानं सांगितलं. चौकटीवरच्या खुणा फिल्मवर उमटतात आणि त्यावरून गाठोड्याची जागा मिलिमीटरमध्ये मोजतात. म्हणून चौकट. ती हलली तर सगळं हलेल.

पुढं मोजणीचे तास. तिकडं डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर मात्रा बसवत होते, इकडं धाकटा पाय सरळ ठेवून उताणा पडलेला, आणि मी त्याला स्ट्रॉनं घोट घोट पाणी देत होते. त्या यंत्राचा तंत्रज्ञ बोलका निघाला. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यानं सांगितलं, कोबाल्ट-60 चा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचा. म्हणून जसजसे स्रोत जुने होतात, तसतशी तीच मात्रा द्यायला जास्त मिनिटं लागतात. अर्धायुष्यकाल मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. ती मिनिटं कधी घड्याळात मोजेन असं वाटलं नव्हतं.

दुपारी दोनला त्याला आत नेलं. चौकट एका जड शिरस्त्राणात अडकवली, त्यात किरणांसाठी बारीक भोकं. गाठोड्याच्या कडेला 25 ग्रे मात्रा ठरली होती, ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप. सगळे बाहेर आले, जाड दार बंद झालं. छोट्या पडद्यावर तो दिसत होता, फक्त छातीपासून खाली. पलंग सरकत आत गेला. आईनं दिलेली भजनाची कॅसेट त्यांनी लावली आणि शेफिल्डच्या त्या खोलीत टाळ वाजायला लागले. माझं लक्ष त्याच्या पायांकडं. उजव्या पायाचा अंगठा टाळावर हलत होता. आम्ही बघतोय हे त्याला ठाऊक होतं, म्हणून हलवत होता, की खरंच ताल धरला होता, ते मी आजतागायत त्याला विचारलेलं नाही.

दोन टप्पे झाले, मध्ये एकदा जागा बदलली. काही जाणवलं का? “काहीच नाही. भजन चालू होतं.”

चौकट काढली तेव्हा कपाळावरच्या दोन भोकांतून रक्ताचे दोन थेंब आले. वर पट्टी बांधली. संध्याकाळी डोकं जड होतं, एक उलटी झाली. फेब्रुवारीची उलटी आठवून मी नर्सला हाक मारली तेव्हा आवाज फुटेना. तिनं त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, हात-पाय उचलायला लावले आणि मग माझ्यासाठी चहा घेऊन आली.

बुधवार, 12 ते शुक्रवार, 14 ऑक्टोबर

बुधवारी सुटी मिळाली. निघताना डॉक्टरांनी दोन पानं दिली. दरवर्षी एमआरआय, दोन-अडीच वर्षांनी अँजिओग्राफी, गोळ्या बंद करायच्या नाहीत, एकाएकी डोकं दुखलं तर एक मिनिट थांबायचं नाही. हेही सांगितलं, की अभ्यास करायचा, चालायचं, जगायचं. काचेच्या भांड्यासारखं ठेवू नका त्याला. शेवटचं वाक्य ते माझ्याकडं पाहून बोलले.

गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी पुन्हा तीच गाडी, तोच वाकडा कळस, रात्रीचं विमान. येताना वाटलं होतं की डोक्यातलं ओझं इथं उतरवून जाऊ. तसंच्या तसं घेऊन निघालो होतो.

शनिवार, 15 ऑक्टोबर. सातारा

घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. दसरा होऊन गेला होता. आई उंबऱ्यात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. त्याच्यावरून ओवाळून टाकला, मग कुंकू लावायला बोट पुढं केलं आणि थबकली. कपाळावर दोन खपल्या. तिनं त्या दोन्हींच्या बरोबर मधोमध टिळा लावला.

“झालं ना रे सगळं?” तिनं विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या रात्री माजघरात बसून मी दोघांना सगळं सांगितलं, दोन वर्षं, तीन वर्षं, शंभरातले ऐंशी, सगळं. बाबांनी विचारलं, “म्हणजे वाट बघायची.” जमिनीचा विषय तेव्हाही निघाला नाही.

फेब्रुवारी 1997. मुंबई

ही नोंद वहीत नाही, पण याशिवाय प्रवास पुरा होत नाही. मधली वर्षं कशी गेली ते आमच्या घराला माहीत. त्याला साधी सर्दी झाली तरी चौघं जागे. आई रात्री उठून त्याच्या नाकापाशी हात धरायची. तो मात्र एक वर्ष मागं पडून इंजिनिअर झाला आणि पुण्यात नोकरीला लागला. मुंबईत पुन्हा अँजिओग्राफी केली. त्याच वर्षी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये गॅमा नाइफ आलं. आमच्यासारख्या घरांना जमीन विकून तेवढ्यासाठी शेफिल्ड गाठायची गरज उरली नाही, ही बातमी मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली.

घरी आल्यावर धाकट्यानं दोन फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या, 1994 ची आणि आताची. आई चष्मा लावून जवळ गेली. पहिलीवर तिनं बोट ठेवलं, “हे गाठोडं.” मग दुसरीवर वर-खाली बोट फिरवत राहिली.

“आणि यात कुठाय?”

“नाही गं आई.”

“नीट बघ की.”

“बघितलं. नाहीये.”